शेरा

नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
रात्री साडेदहाला फाइल उघडली.
नाव होतं: झाडे_अंतिम_नवीन_२_खरीअंतिम.
म्हणजे बऱ्याच हातांतून आलेली.

एका ओळीत एक झाड.
झाडाला नऊ रकाने,
दोन रकान्यांच्या मधे एक स्वल्पविराम.
एवढंच ठरलं होतं सगळ्यांचं.

पायथनला म्हटलं, वाच.
वाचत सुटलं ते,
कडुनिंब करंज सुबाभूळ गुलमोहर सुबाभूळ सुबाभूळ,
आणि चार हजार एकशे सतराव्या ओळीवर अडलं:
अपेक्षित रकाने नऊ. मिळाले तेरा.

डोळ्यांनी वाचली मग ती ओळ.
वड. एरंडवणे. घेर चारशे दहा, उंची अठरा, प्रकृती बरी.
आणि शेऱ्यात:
जुना आहे, पारंब्या छाटल्यात, खाली इस्त्रीवाला बसतो, त्याचे वडीलही इथंच बसायचे, म्हणाला नीट मोजा

चार स्वल्पविराम जादा.
त्यामुळे तारखेच्या जागी पारंब्या,
गणकाच्या नावाच्या जागी इस्त्रीवाला,
आणि त्याचे वडील
रकान्यांच्या बाहेर, उन्हात.

खळदकर सर फोनवर म्हणाले,
अगं वगळ ना त्या ओळी, दोन टक्के इकडेतिकडे चालतं,
सकाळी नऊला महापालिकेत द्यायचंय.
खरंच सोपं होतं. एका शब्दाची सोय आहे त्याला,
लिहिला की बिघडलेली ओळ
न कुरकुरता मागे राहते.

लिहिला.
तीनशे बारा झाडं गेली.

चहा गार झाला होता. सहज म्हणून
गेलेली झाडं वेगळी काढून पाहिली,
कुणी मोजली होती ती.
सगळी एकीनेच. न. तांबोळी.

बाकीच्यांचे शेरे: ठीक. ठीक. निरंक. ठीक.
तांबोळीबाईंचे:
आंबा आहे, पण धरत नाही, घरमालकीण म्हणतात दृष्ट लागली
अर्धा वाळलाय, अर्धा नाही
बोरीत पतंग अडकलाय, संक्रांतीपासून, काढायला कुणी चढत नाही, काटे
कुत्रं होतं, लांबून मोजलं, माफ करा

हे «माफ करा» कुणाला असेल?

चौथीत तायडेबाई शिकवायच्या,
स्वल्पविराम आला की मनात एक म्हणायचं आणि पुढे जायचं.
मी मनात एक म्हटलं.
वगळायचा शब्द खोडला.

मग ओळ दोन्ही टोकांनी धरली,
नऊवारीची घडी घालताना दोघी धरतात तशी.
डावीकडून सहा रकाने मोजले. उजवीकडून दोन.
मधे जे उरलं, कितीही तुकड्यांचं असो,
ते सगळं मिळून एक. शेरा.
सात ओळींचा कोड, त्यातली एक तर रिकामीच.

तरी तीन अडल्या.
दोन ठिकाणी बाईंनी शेऱ्यातच ओळ मोडली होती,
बहुतेक पाऊस आला असावा, फोन पिशवीत टाकताना बटण दाबलं गेलं.
तिसऱ्यात बाभळीचा ळ वाटेत कुठेतरी हरवून
त्याजागी प्रश्नचिन्ह उभं.
त्या हातानेच बसवल्या.

रात्री दोन वाजून वीस.
वाचलेल्या ओळी अठरा हजार दोनशे सहा.
वगळलेल्या शून्य.
खाली लक्ष्मी रोडकडे कुणीतरी शटर ओढलं,
इतक्या रात्री कशाला, कोण जाणे.

सकाळी खळदकर सर म्हणाले, छान.
आणि तो शेऱ्याचा रकाना काढून टाक,
कुणी वाचत नाही.

काढला.

पण त्याआधी ते तीनशे बारा
वेगळ्या फाइलीत ठेवले, माझ्यापुरते.
या वेळी स्वल्पविरामावर तोडले नाहीत, टॅबवर तोडले.
बाईंनी पुढच्या वर्षी काय वाट्टेल ते लिहावं,
टॅबचं बटण त्यांच्या फोनवर नाहीच.